तीन स्टार, त्यातले दोन मापाच्या टेबलाला

सहा महिन्यांचा सीएनसी टर्निंगचा (संगणकाने चालणाऱ्या लेथवर धातू कातण्याचा) कोर्स आणि शेवटी प्लेसमेंट सहाय्य, अशा जाहिरातीवर मी प्रवेश घेतला होता. संस्थेचं नाव लिहीत नाही. माझं भांडण तिथल्या एका खोलीशी आहे आणि त्याच मजल्यावरच्या दुसऱ्या खोलीमुळे मला नोकरी लागली आहे.

आधी भांडणाची खोली, म्हणजे प्लेसमेंट सेल. आठवड्यातून दोन तास मुलाखतीची तालीम. ‘तुमची सर्वांत मोठी कमजोरी?’ या प्रश्नाला ‘मी कामात फार परफेक्शन बघते’ हे उत्तर सगळ्या बॅचकडून घोकून घेतलं. हात कुठे ठेवायचे, हसायचं किती, ‘मी टीम प्लेयर आहे’ कुठल्या वाक्यानंतर म्हणायचं, हेही शिकवलं. शिकवणाऱ्या मॅडम मनाने चांगल्या, पण त्यांनी कधी लेथचं दार उघडून आत डोकावल्याचं आठवत नाही.

मुलाखतीच्या दिवशी मला दहाची वेळ सांगितली होती. गेटवरच्या यादीत माझ्या नावापुढे साडेअकरा. ते सोडून देते. सोडून देण्यासारखं नाही ते पुढचं.

मुलाखत कंपनीचे व्हाइस प्रेसिडेंट स्वतः घेणार होते. उत्पादनाचं सगळं त्यांच्याकडे. एचआरची माणसं असतील म्हणून मी तयार होते, हे नव्हतं माहीत. सरांनी माझा बायोडाटा समोर धरला आणि विचारलं, “सहा महिन्यांत फाइव्ह-ॲक्सिस मशीनचा अनुभव? कसा काय?”

मी कागद उलटा वाचायचा प्रयत्न केला. खरंच लिहिलं होतं: फाइव्ह-ॲक्सिस, म्हणजे पाच अक्षांवर हलणारं, बरंच अवघड मशीन. प्लेसमेंट सेलने माझा बायोडाटा ‘आकर्षक’ करून पाठवला होता आणि मला दाखवलाच नव्हता. आमच्या वर्कशॉपमध्ये दोन ॲक्सिसच्या दोन लेथ. त्यातली एक निम्मा वेळ बंद.

“सर, हे मी लिहिलेलं नाही. मी टू-ॲक्सिसवर शिकले.”

त्यांनी पेन्सिलीने त्या ओळीवर काट मारली. रागावले नाहीत, हसलेही नाहीत. तालमीत याचं उत्तर नव्हतं, बरं झालं, नाहीतर मी तेच बोलले असते.

मग त्यांनी डाव्या हाताची मूठ उघडली. मी आत आल्यापासून ती मूठ बंदच होती. आत एक ग्राइंड केलेली पोलादी पिन. ड्रॉइंग पुढे सरकवलं: व्यास २५ मिलिमीटर, एच-६, छोटा एच (मापात किती फरक चालेल याचा कोड). सोबत एक व्हर्नियर (सरकत्या जबड्यांची मापपट्टी). “ओके की रिजेक्ट?”

आता दुसऱ्या खोलीबद्दल. आमच्या मेट्रॉलॉजीच्या, म्हणजे मापनाच्या, सरांची आयुष्यभराची नोकरी क्वालिटीत गेली. त्यांच्या टेबलावर नियम असा: साधन उचललं की आधी तोंडं पुसायची, मिटवायची, शून्य बघायचं, मग जॉबला, म्हणजे मापायच्या तुकड्याला, लावायचं. एखादी पायरी विसरलात की ते काही न बोलता साधन हातातून घेऊन डब्यात ठेवायचे आणि म्हणायचे, “हं, आता उचल.” मायक्रोमीटरच्या (व्हर्नियरहून बारीक मोजणाऱ्या साधनाच्या) तोंडात कोरा कागद धरून हलकेच ओढायचा, म्हणजे चिकटलेली धूळ निघते, हेही त्यांचंच. पहिला महिना मला ते सोवळं वाटायचं. मशीन सोडून आम्ही पुसतच बसलोय!

मुलाखतीत माझ्या हातांनी ते आपोआप केलं. जबडे पुसले, मिटवले, उजेडाकडे धरून फट बघितली, शून्य जुळतंय का पाहिलं. मग पिन. २४.९८.

जीभ ‘रिजेक्ट’ म्हणायला निघाली होती. छोटा एच-६ म्हणजे या मापाला वर शून्य, खाली १३ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पिन २४.९८७ ते २५.००० मध्ये हवी. २४.९८ म्हणजे कमीच की. पण व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२. एक रेघ २४.९८ ची, पुढची थेट २५.०० ची, आणि आख्खा टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, त्या दोन रेघांच्या मधल्या मोकळ्या जागेत बसलेला. या साधनाने ही पिन पासही करता येत नाही, नापासही करता येत नाही.

“सर, व्हर्नियरवर सांगता येणार नाही. एक मायक्रॉनचा मायक्रोमीटर किंवा गो-नोगो गेज द्या.” (हे गेज आकडा दाखवत नाही, माप बसतं की नाही एवढंच सांगतं.)

“आणि मायक्रोमीटर दिला तर लगेच सांगाल?”

मी पिन गालाला लावली. कोमट. “नाही सर. ती तुमच्या मुठीत होती. थोडा वेळ टेबलावर राहू दे.”

तेव्हा पहिल्यांदा ते खुर्चीत मागे टेकले. किती फरक पडेल म्हणाले. पोलाद मीटरमागे, अंशामागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. माप धरायचं ते २० अंश सेल्सिअसला. पिन त्याहून दहा अंशांनी गरम असली तर २५ मिलिमीटरवर जेमतेम तीन मायक्रॉन. ऐकायला काहीच नाही, पण १३ मधले ३ गेले. गरम असताना पास झालेली पिन थंड झाल्यावर लहान निघू शकते.

लगेच गर्व उतरवणारा प्रश्न आला. माझ्या फाइलमधला प्रोग्राम काढून त्यांनी बोट ठेवलं: जी-९६ या कमांडच्या आधी जी-५० एस-२००० का?

“सर, लिहायचं असतं.”

हे उत्तर माझं नव्हे, कोर्सचं. आम्हाला ती ओळ कॉपी-पेस्ट करायला शिकवली होती. त्यांनी कोरा कागद दिला आणि फेसिंग करताना, म्हणजे जॉबचं टोक सपाट कातताना, काय होतं ते मांडायला सांगितलं. जी-९६ कटिंग स्पीड कायम ठेवतं. तो १५० मीटर प्रति मिनिट ठेवला, तर ५० मिलिमीटरच्या व्यासावर सुमारे ९५५ आरपीएम. टूल मध्याकडे सरकत ५ वर आलं की ९,५४९. मध्यावर व्यास शून्य, म्हणजे मशीन जमेल तितकी पळत सुटणार. जी-५० एस-२००० तिला २००० आरपीएमवर लगाम घालतं. मांडता मांडता मलाच घाम फुटला, कारण मी ती ओळ एकदा विसरले होते. सिम्युलेटरवर. काही झालं नव्हतं.

“सिम्युलेटरवर चकमधून जॉब उडून येत नाही,” ते म्हणाले. (चक म्हणजे जॉब पकडणारा मशीनचा पंजा.) कोर्सवाल्यांनी हे वाक्य लिहून घ्यावं. एकेकाला मशीनवर प्रत्यक्ष मिळालेले तास फार कमी होते, त्यासाठी एक स्टार कापला. दुसरा अर्थातच बायोडाट्यासाठी.

पुढे दहाएक मिनिटं शिफ्ट, सुरक्षेचे बूट, कधीपासून येऊ शकता वगैरे. कमजोरी कोणती हे कोणी विचारलंच नाही. मला इन्स्पेक्शनमध्ये ट्रेनी म्हणून घेतलंय, मशीनवर नंतर बघू म्हणाले.

प्रवेश घेणार असाल तर घ्या, पण प्लेसमेंट सेलने कंपनीला काय पाठवलंय त्याची प्रत आधी मागा, आणि देईपर्यंत उठू नका.

संस्थेच्या दारातल्या बोर्डावर आता माझा फोटो लागलाय. खाली ‘फाइव्ह-ॲक्सिस तज्ज्ञ’ असं छापलंय. काढा म्हणून दोनदा सांगून आले, अजून तसाच आहे.