चेन रिव्हेट टूल : स्वस्त पेटी घ्यावी की डीआयडी?

390 ड्यूक, डॉमिनार 400 किंवा इंटरसेप्टर 650 अशी बाइक असेल तर आज ना उद्या 520 मापाची नवी चेन टाकावी लागणार, आणि तिच्यासोबत रिव्हेट लिंक येणार, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी, पिनांची तोंडं फुलवून पक्की करायची कडी. गॅरेजमध्ये ती लिंक हातोडा आणि पंचने ठोकताना एकदा पाहिली की आपलं टूल असावं असं वाटतंच. मुंबईत मग दोन पर्याय समोर येतात. नागदेवी स्ट्रीटवर मिळणारी बिननावाच्या टूलची प्लास्टिकची पेटी, किंवा तिच्या कितीतरी पट महाग असलेलं, डीआयडी या जपानी चेन कंपनीचं केएम-500आर. मी दोन्ही वापरली आहेत.

चेन तोडण्यात मला फारसा फरक जाणवला नाही. पिनचं फुललेलं डोकं आधी ग्राइंडरने सपाट करून घेतलं की दोन्ही टूल ती पिन बाहेर ढकलतात. न घासता जोर लावला तर स्वस्त पेटीतली ढकलपिन वाकते, एवढं लक्षात ठेवा. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत पार्किंगला प्लग नाही, त्यामुळे वॉचमनच्या केबिनमधून वायर ओढावी लागते आणि ठिणग्या शेजारच्या गाडीवर जाऊ नयेत म्हणून पत्रा आडवा लावावा लागतो. हा व्याप कुठल्याही टूलला चुकत नाही.

नव्या लिंकची साइड प्लेट, म्हणजे पिनांवर बाहेरून दाबून बसवायची पट्टी, बसवणंही दोन्हींनी जमतं. शेजारच्या लिंकची रुंदी व्हर्निअरने मोजायची, बोल्ट पाव-पाव फेरा फिरवत तेवढ्याच मापावर थांबायचं. जास्त दाबलं तर ओ-रिंग (प्लेटखालची रबरी कडी) चेपते आणि लिंक ताठ होते. पेटीतल्या टूलला थोडा जास्त वेळ लागतो, कारण दाबायची प्लेट, अ‍ॅन्व्हिल (मागून आधार देणारा तुकडा), पिन फुलवायचं टोक असे सुटे तुकडे सांभाळत बसावं लागतं. पण वेळ असेल तर ती तक्रार नाही.

माझा निर्णय झाला तो पिन फुलवताना. पोकळ पिनचं तोंड सगळीकडून सारखं फुलायला हवं. डीआयडीच्या 520 च्या चेनला साधारण 5.5 ते 5.8 मि.मी., नक्की आकडा चेनसोबतच्या कागदावर पाहा. पेटीतल्या टूलचं टोक बोल्टमध्ये सैल बसतं. बोल्ट फिरवला की टोकही थोडं फिरतं, केसभर सरकतं आणि पिनच्या भोकाच्या एका कडेला टेकतं. मग तोंड त्याच बाजूला उघडतं. व्हर्निअर उभं धरलं तर एक माप, आडवं धरलं तर दुसरं. जिथे ओठ जास्त पातळ झाला तिथेच चीर पडायची भीती असते. फुललेली पिन पुन्हा मिटवता येत नाही, म्हणजे लिंक गेली. सुटी रिव्हेट लिंक मागायला गेलं की दुकानदार अख्खी चेनच पुढे करतो. पेटीची बचत तिथेच संपते. मागचं चाक ऐंशीच्या वेगाने फिरवणाऱ्या चेनमध्ये अशी अर्धवट फुललेली पिन ठेवून मी घाटात जाणार नाही.

केएम-500आर मध्ये हे होत नाही, निदान माझ्या हातात तरी झालेलं नाही. बॉडी चेनला घट्ट बसते, टोक सरळ भोकात जातं, आणि पाना फिरवताना पिन कधी फुलायला लागली हे हाताला कळतं. दोन्ही पिनांची तोंडं गोल येतात.

किंमत मात्र टोचते. चेन नीट साफ केली, तेल दिलं तर ती बदलायची वेळ वीसेक हजार किलोमीटरनंतर येते. तोवर एवढं महाग टूल कपाटात पडून. म्हणून आम्ही मित्रांनी वर्गणी काढून एक घेतलं. ज्याला लागेल तो नेतो, काम झाल्यावर बोल्टच्या आट्यांना तेल पुसून झिपच्या पिशवीत परत करतो. पावसाळ्यात इथली हवाच अशी की उघडं ठेवलं तर आटे गंजतात. वाटून घेतल्यावर प्रत्येकाचा खर्च पेटीच्या फार वर जात नाही.

428 ची चेन असलेली 150 सीसीची गाडी असेल तर मात्र प्रश्न वेगळा. केएम-500आर 520, 525 आणि 530 साठीच आहे, आणि 428 ला बहुतेक वेळा लॉकची लिंक येते, जिच्या पिना फुलवायच्या नसतात, वरून क्लिप अडकवायची असते. तिथे टूल लागतं ते चेन तोडायला आणि प्लेट दाबायला, त्यामुळे पेटी पुरेल. ती ऑनलाइन न मागवता नागदेवीला जाऊन घ्या. दुकानातच पेटी उघडायला सांगा, बोल्ट नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरवा आणि टोक अ‍ॅन्व्हिलच्या मधोमध येतंय का ते पाहा. येत नसेल तर दुसरी पेटी मागा.