नौपाड्यातली फायब्रोस्कॅन तपासणी: मशीन उत्तम, घाई नडते

केंद्राचं नाव मुद्दाम देत नाही. खाली लिहिलेलं ठाण्यात कुठेही फायब्रोस्कॅनला, म्हणजे यकृत किती कडक झालंय ते मोजणाऱ्या तपासणीला, जाताना उपयोगी पडेल.

आधी चांगलं. मशीन एकोसेन्स या फ्रेंच कंपनीचं आहे, आणि एम व एक्सएल असे दोन्ही प्रोब, म्हणजे अंगावर टेकवायची मोजणीची टोकं, ठेवलेत. हे महत्त्वाचं, कारण एम प्रोब त्वचेखाली 25 ते 65 मिलिमीटरवरचं यकृत मोजतो. अंगावर चरबी जास्त असेल तर यकृत त्याहून खोल असतं, मग रीडिंग एकतर येतच नाही किंवा चुकीचं येतं. एक्सएल 35 ते 75 मिलिमीटरपर्यंत पोचतो. कोणता प्रोब लावायचा हे इथला टेक्निशियन मशीनची सूचना बघून ठरवतो, अंदाजपंचे नाही.

उताणं झोपायचं, उजवा हात डोक्याखाली. उजव्या बरगड्यांमधल्या फटीवर गार जेल लावून प्रोब अगदी काटकोनात टेकवतात. दर रीडिंगला आतून टिचकी मारल्यासारखा हलका धक्का बसतो, दुखत नाही. त्या धक्क्याची 50 हर्ट्झची लहर यकृतातून जितकी वेगात जाते तितकं यकृत कडक, असा साधा हिशेब. अशी किमान 10 वैध रीडिंग घेऊन मधला आकडा किलोपास्कलमध्ये देतात. सोबत यकृतातल्या चरबीसाठी 'कॅप'चा वेगळा आकडा येतो. एकूण काम दहा मिनिटांचं.

आता तक्रारी. अपॉइंटमेंट देताना फोनवर कुणी उपाशीपोटाबद्दल बोलत नाही. किमान तीन तास काही खाल्लेलं नको. जेवणानंतर यकृताकडे जाणारं रक्त वाढतं, यकृत तटतटतं आणि आकडा फुगतो. मामलेदारची मिसळ हाणून थेट टेबलावर गेलात तर भलत्याच चिंतेत घरी याल.

दुसरी तक्रार रिपोर्टची. पहिल्या पानावर एकच मोठा आकडा आणि हिरवी-पिवळी-लाल पट्टी. 'आयक्यूआर' मात्र दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात. दहा रीडिंग एकमेकांपासून किती फाकली आहेत ते तो सांगतो. समजा आकडा 8.0 आणि आयक्यूआर 3.1 आहे, तर भागाकार जवळपास 39 टक्के येतो. 30 टक्क्यांच्या वर गेला की त्या 8.0 वर विसंबू नये, पुन्हा तपासणी मागावी. गर्दीच्या वेळी प्रोब तिरका धरला जातो, तिथेच हे बिघडतं.

शिवाय पट्टीवरचा 'एफ 2' किंवा 'एफ 3' हा शिक्का, म्हणजे यकृत कडक होण्याची पायरी, सगळ्यांना सारखा लागू नाही. हिपॅटायटिस बी, सी आणि फॅटी लिव्हर, प्रत्येकात या पायऱ्यांच्या आकड्यांच्या मर्यादा वेगळ्या. ताज्या काविळीत एसजीपीटी (यकृताची सूज दाखवणारा रक्तातला आकडा) चढलेलं असताना सुजेमुळेच आकडा वाढतो, तेव्हा सूज उतरेपर्यंत थांबावं. पोटात पाणी झालं असेल तर ही लहर पाण्यातून जातच नाही, पैसे वाया.

सगळ्यात खटकतं ते पॅकेज. भिंतीवर 28 जुलैच्या जागतिक हिपॅटायटिस दिनाचं झोकदार पोस्टर आहे. ही तारीख म्हणजे बी विषाणूचा शोध लावणाऱ्या बारुख ब्लुमबर्ग यांचा जन्मदिवस. 1976 सालचं नोबेल त्यांना ज्या कामासाठी मिळालं, त्यातूनच एचबीएसएजी ही रक्ततपासणी आली. आणि 'लिव्हर पॅकेज'मध्ये नेमकी तीच नाही! एसजीओटी, एसजीपीटी, बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि स्कॅन, बस्स. बी विषाणू अंगात असूनही एसजीपीटी वर्षानुवर्षं नॉर्मल राहू शकतं, आणि स्कॅनला विषाणू दिसत नाही. त्यामुळे एचबीएसएजी आणि अँटी-एचसीव्ही या दोन तपासण्या वेगळ्या सांगून करून घ्या. अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह आली म्हणून लगेच हाय खाऊ नका. सी विषाणू कधीतरी अंगात शिरला होता एवढंच त्यातून कळतं. आता आहे का, हे आरएनए तपासणी सांगते. असलाच तर बहुतेकांना 12 आठवड्यांच्या गोळ्या पुरतात, आणि 2018 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी उपचार केंद्रांवर त्या मोफत मिळतात. हे काउंटरवर कुणी सांगत नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. रिपोर्ट लगेच हातात देतात, तो घेताना दुसरं पानही मागा. मागितलं नाही तर पहिलंच लिफाफ्यात घालतात.