दंडावरचा ग्लुकोज सेन्सर: यंत्र चांगले, ॲप अर्धवट

तपासणीत साखर सीमारेषेवर आल्याचे कळल्यावर मी दंडाच्या मागे चिकटवायचा, 14 दिवस चालणारा ग्लुकोज सेन्सर औषधांच्या दुकानातून आणला. लावताना चिमटा काढल्याइतकेच दुखते आणि अंघोळीलाही अडचण येत नाही. मात्र मोबाइलवर दिसणारा आकडा रक्तातल्या नव्हे, तर त्वचेखालच्या पेशींभोवतीच्या द्रवातल्या साखरेचा असल्याने तो बोट टोचून घेतलेल्या आकड्यापेक्षा काही मिनिटे मागे असतो. त्या कुशीवर झोपल्यामुळे सेन्सर दाबला जाऊन दोनदा मध्यरात्री साखर घसरल्याचा खोटा इशाराही वाजला.

पहिल्या रविवारी दोन पुरणपोळ्या खाऊन मी आडवा झालो, तेव्हा आकडा 188 वर गेला. पुढच्या रविवारी तेवढ्याच पोळ्या खाऊन लगेच 25 मिनिटे चाललो, तर तो 150 च्या आत राहिला. ॲपने याचे सगळे श्रेय इन्सुलिनला दिले, ते मला पटले नाही. इन्सुलिन स्नायूपेशीवरच्या ग्राहीला (त्याचा निरोप पकडणाऱ्या प्रथिनाला) जोडले गेले, की पेशीच्या आत राखीव असलेली ग्लुट-4 ही वाहक प्रथिने पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर (आवरणावर) येऊन साखर आत घेतात. शिवाय जीएसके-3 या विकराला (पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला) लगाम बसल्याने ग्लायकोजेन सिंथेज या दुसऱ्या विकरावरचे फॉस्फेट उतरते, ते कामाला लागते आणि आत आलेल्या साखरेपासून ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, तयार होऊ लागतो. परंतु आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनसाठी अडून न राहता वेगळ्याच मार्गाने ग्लुट-4 पडद्यावर आणतो, आणि चालण्याचा हा हिशेब ॲपच्या खिजगणतीतही नाही.

नवव्या दिवशी तर गंमतच झाली. लिफ्ट बंद असल्याने सहा मजले धावत चढलो आणि आकडा उलट वाढला. ॲपने 'काय खाल्ले?' असे विचारत लाल खूण केली. वास्तविक अशा धावपळीत ॲड्रेनलिन या संप्रेरकाच्या सांगण्यावरून यकृत रक्तात साखर सोडते. स्नायूंतही ग्लायकोजेन फुटते, पण त्यातून बनणाऱ्या ग्लुकोज-6-फॉस्फेटवरचा (फॉस्फेट जोडलेल्या, म्हणून पेशीबाहेर न पडणाऱ्या साखरेवरचा) फॉस्फेट काढणारे विकर स्नायूंत नसल्यामुळे त्यांचा साठा त्यांच्याच कामी येतो, रक्तात उतरत नाही. मी तर घोटभर पाणीही प्यायलो नव्हतो.

बाराव्या दिवशी कडा सुटू लागल्या, तेव्हा वरून साधी चिकटपट्टी लावून वेळ निभावली. साडेचार हजारांत दर महिन्याला घेण्यासारखी ही वस्तू नाही. वर्षातून एकदा, चालण्याची आणि जेवणाची वेळ स्वतः वहीत टिपून ठेवणार असाल, तर जरूर घ्यावी.