नऊची घ्यावी की दहाची? इलेक्ट्रिक गिटारच्या तारा निवडताना

गेल्या जूनमध्ये भाच्याने दुकानात उभं राहूनच फोन लावला. "मामा, निकेल घेऊ की स्टेनलेस स्टील?" मी विचारलं, "आत्ता गिटारवर कुठल्या आहेत?" थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "गंजलेल्या."

पाकिटावर धातूचं नाव ठळक छापलेलं असतं म्हणून पहिला प्रश्न धातूचा पडतो. माझा क्रम उलटा आहे. आधी जाडी, मग आपल्याकडची हवा, आणि धातू सगळ्यात शेवटी.

त्याआधी एक खात्री करून घ्या, की पाकीट इलेक्ट्रिकचंच आहे. हे सांगायची वेळ यावी इतका मी स्वतः फसलोय. अगदी सुरुवातीला एका दुकानदाराने "स्टीलच्याच आहेत, चालतील" म्हणून अकूस्टिकचा ब्राँझ सेट हातात दिला. घरी लावला तर बारीक तारा खणखणीत आणि जाड तारा अँपमधून जणू शेजारच्या खोलीत वाजत होत्या. कारण साधं आहे. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. त्याच्यावर लोखंड किंवा निकेलसारखा धातू थरथरला तरच सिग्नल तयार होतो. जाड तारेवर गुंडाळलेल्या ब्राँझच्या वेटोळ्याशी पिकअपला काही देणंघेणं नसतं, त्याला फक्त आतली स्टीलची बारीक तार कळते. नायलॉनच्या तारा तर इलेक्ट्रिकवर मुक्याच.

आधी जाडी

९-४२ किंवा १०-४६ हे आकडे म्हणजे सेटमधल्या सर्वात बारीक आणि सर्वात जाड तारेचा व्यास, इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेला. नऊच्या सेटची पहिली, म्हणजे सर्वात बारीक, तार ०.२२९ मिलिमीटर, दहाची ०.२५४. फरक केसाच्या जाडीहूनही कमी. पण ताण व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे त्याच सुराला दहाची तार जवळजवळ २३ टक्के जास्त ताणावी लागते. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरच्या, म्हणजे स्ट्रॅटच्या, लांबीच्या गिटारवर सहाही तारांचा मिळून ताण नऊच्या सेटला साधारण ३८-३९ किलो, तर दहाच्या सेटला ४६-४७ किलो. हे सातआठ किलो गिटारच्या मानेलाही जाणवतात आणि तुमच्या बोटांनाही.

गिटार कुठली आहे त्यावरही हिशोब बदलतो. नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (तारांचा खालचा आधार) तारेची लांबी स्ट्रॅटवर २५.५ इंच, गिब्सनच्या लेस पॉलवर २४.७५. लांबी कमी असली की तोच सूर कमी ताणात लागतो, इथे सुमारे ६ टक्के कमी. म्हणून मित्राच्या लेस पॉलवर दहाची तार मऊ लागली, तरी आपल्या स्ट्रॅटवर ती तशीच लागेल असं नाही. फेंडरच्या बहुतेक स्ट्रॅट कारखान्यातून ९-४२ लावून येतात आणि गिब्सनच्या लेस पॉल १०-४६, ते उगाच नाही.

स्वतःची परीक्षा घ्यायची सोपी रीत सांगतो. तिसऱ्या तारेवर सातवा पडदा (फ्रेट) दाबा आणि तार वर ढकलून नवव्या पडद्याचा सूर गाठा. ही आपली मींडच, फक्त सतारीवर तार खेचतात आणि इथे बहुतेकदा ढकलतात. तीन बोटांचा जोर लावूनही सूर थोडा खालीच राहत असेल तर नऊ घ्या, त्यात कमीपणा नाही. उलट सूर सहज गाठला जातो, पण साधे कॉर्ड धरताना मुठीच्या जोराने तारा दाबल्या जाऊन सूर चढतो, किंवा जोरात स्ट्रमिंग केलं की तारा पडद्यांवर खडखडतात, तर तुमचा हात दहाचा आहे. अधलामधला ९.५-४४ सेटही मिळतो. शिवाय ९-४६ हा मिश्र सेट असतो: बारीक तारा नऊच्या, जाड तारा दहाच्या. लीड (सुरावटी) आणि ऱ्हिदम (साथीचे कॉर्ड) दोन्ही एकटाच वाजवणाऱ्याला तो बरा पडतो.

"जाड तार, जाड आवाज" हे तुम्हाला कुणीतरी नक्की ऐकवेल. ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन तेराच्या तारा वाजवायचा हे खरं, पण गिटार अर्धा सूर उतरवून. दुसरीकडे झीझी टॉपचा बिली गिबन्स सातच्या तारांवर वाजवतो आणि त्याचा आवाज बारीक आहे असं अजून कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवादक टोनी आयोमीच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात गेली, म्हणून तो हलक्या तारांकडे वळला, आणि ब्लॅक सॅबथचा आवाज किती जड आहे हे सांगायला नको. तयार हलके सेट मिळायला लागले तेच मुळी १९६०च्या दशकात. कॅलिफोर्नियातल्या एर्नी बॉलच्या दुकानात नवे शिकणारे यायचे आणि त्या काळच्या सेटमधली जाड, गुंडाळीची तिसरी तार त्यांच्याने दाबवायची नाही. त्यातूनच 'स्लिंकी' नावाच्या हलक्या तारा आल्या.

एक सावधगिरी. नऊवरून दहावर गेलात की स्ट्रॅटचा तरंगता, म्हणजे स्प्रिंगांनी तोललेला, ब्रिज मागून उचलला जातो, मान किंचित वाकते, इंटोनेशन (प्रत्येक पडद्यावर सूर बरोबर लागणं) हलतं. पाठीमागच्या स्प्रिंगांचे स्क्रू आवळून मग ट्रस रॉड (मानेतली सळई) पाहावा लागतो. हे स्वतःला जमत नसेल तर सेटअपचे पैसे तारांच्या किमतीतच धरा.

मग हवा

पुण्यात हिवाळ्यात मी एक सेट चार महिने ओढलाय. तसाच सेट जुलैत ठाण्याच्या घरात तीन आठवड्यांत खरखरीत झाला. पहिल्यांदा जातात त्या गुंडाळी नसलेल्या बारीक तारा. नखाने तारेची खालची बाजू चाचपा, वरून चकचकीत दिसणारी तार तिथे किसणीसारखी लागते. वाजवून झाल्यावर बोटांची टोकं काळी होतात, तेही त्याचंच लक्षण.

कोटेड तारा इथे कामाला येतात. एलिक्सरच्या तारांवर प्लॅस्टिकसारखा अतिपातळ थर असतो. ही कंपनी गोअरची, म्हणजे गोअर-टेक्स रेनकोटवालीच. पावसाशी त्यांचं जुनं नातं! त्यांच्या तीन प्रकारांत पॉलीवेब सर्वात जाड थराची आणि बोटाला सर्वात गुळगुळीत, नॅनोवेब त्याहून पातळ, आणि ऑप्टिवेब साध्या तारेच्या सर्वात जवळची. डॅडारिओची एक्सएस, एर्नी बॉलची पॅराडाइम हेही याच कामाचे सेट आहेत.

कोटेड सेटला साध्या सेटच्या दुप्पट किंवा थोडे जास्त पैसे पडतात. किनारपट्टीवर राहणाऱ्याला, घामट हाताच्या माणसाला किंवा आठवड्यातून दोनदाच गिटार उचलणाऱ्याला ते परवडतात, कारण त्यांची साधी तार वाजवून झिजण्याआधी गंजूनच जाते. रोज तीन तास वाजवणाऱ्याचं गणित वेगळं. त्याची तार पडद्यांवर घासूनच संपते, पिक (तार छेडायची पट्टी) लागतो त्या जागी थराचे धागे सुटतात, आणि मग दोन साधे सेट घेणंच शहाणपणाचं. कोटिंगचा स्पर्श निसरडा लागतो म्हणून काहींना ते अजिबात आवडत नाही. माझाही पहिला आठवडा वैतागात गेला होता.

जुन्या सुती धोतराचा तुकडा केसमध्ये ठेवून वाजवल्यावर प्रत्येक तार खालून-वरून पुसली, तर साधा सेटही बराच तग धरतो. हे फुकटात होतं.

आणि शेवटी धातू

आता ज्यावरून सगळे भांडतात ते. बहुतेक सेटमध्ये बारीक तीन तारा त्याच असतात, कथिलाचा मुलामा दिलेल्या साध्या स्टीलच्या. निकेल की स्टेनलेस हा वाद फक्त जाड तीन तारांच्या वेटोळ्याचा आहे.

निकेलचा मुलामा दिलेलं स्टील हा आजचा सर्वसाधारण प्रकार: ना फार टोकदार, ना फार मऊ. शुद्ध निकेल हा जुना मार्ग. निकेल महागलं तसा तो मागे पडला. त्याचा आवाज थोडा कमी आणि गोलसर, जुन्या ब्लूजला छान. स्टेनलेस सर्वात तेजस्वी, गंजालाही दाद देत नाही, पण बोट सरकवताना किंचाळते आणि कठीण असल्याने पडद्यांची झीज थोडी वाढवते. निकेलची ॲलर्जी असलेले लोक तिच्याकडे वळतात. पण स्टेनलेस सेट घेतला म्हणजे गंजाची कटकट गेली, असं समजू नका. पहिली तार साध्या स्टीलचीच असते आणि गंजायला ती सर्वात पुढे.

खरं सांगू? डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणं) चालू करून बँडमध्ये वाजवताना निकेल आणि स्टेनलेस यांतला फरक मला डोळे मिटून ओळखता येणार नाही. नवी तार आणि महिन्याची जुनी तार यांतला फरक मात्र कुणालाही ओळखता येईल.

फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, तारा जॅझवाल्यांसाठी. रॉक वाजवायचा असेल तर त्यांच्याकडे पाहूही नका.

पाकिटाबद्दल एक बारीक गोष्ट, नवख्याच्या उपयोगाची. डॅडारिओच्या सेटमध्ये तारांची टोकं रंगीत असतात: पहिली चंदेरी, दुसरी जांभळी, तिसरी हिरवी, चौथी काळी, पाचवी लाल, सहावी पितळी. गुंता झाला तरी कुठली कुठे हे कळतं.

भाच्याकडे स्ट्रॅटच्या घाटाची स्वस्त गिटार आहे, राहतो डोंबिवलीत, वाजवतो शनिवार-रविवार. त्याला ९-४२, निकेलचा मुलामा, कोटेड सेट घ्यायला सांगितला. सोबत पहिल्या तारेच्या दोन सुट्या तारा, कारण तुटते ती नेहमी तीच, आणि तीही रविवारी संध्याकाळी.