पारा गोळा करायचं किट : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनमध्ये कॉलेज उघडलं, त्याच आठवड्यात आमच्या फिजिक्सच्या लॅबमध्ये सांडलेला पारा गोळा करायचं किट आलं. वाहतुकीसह ४,५०० रुपयांच्या आसपास पडलं. आता मार्च उजाडलाय, प्रॅक्टिकलच्या परीक्षा संपल्यात आणि या नऊ महिन्यांत ते तीन वेळा कामाला लागलं. कोकणातल्या बऱ्याच शाळा-कॉलेजांत अजून पाऱ्याचे थर्मामीटर, हवेचा दाब मोजायचा फोर्टिनचा बॅरोमीटर, बॉईलच्या नियमाचं पाऱ्याचं उपकरण कपाटात आहे. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

डब्यात काय होतं ते आधी सांगते. जस्ताची पूड आणि आम्ल एकत्र केलेलं पाकीट, गंधकाची पूड, हाताने दाबून पारा ओढून घ्यायचा छोटा पंप, दोन प्लास्टिकच्या पट्ट्या, स्पंज, नायट्राईलचे हातमोजे, चष्मा, साधा कापडी मास्क आणि झिपच्या पिशव्या. माहितीपत्रक फक्त इंग्रजीत. ते मी मराठीत हाताने लिहून काढलं आणि कपाटाच्या दारावर आतून चिकटवलं, कारण वेळेला डबा उघडणारे आमचे लॅबचे मामा असतात.

पहिली वेळ जुलैमधली. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता, पश्चिमेच्या खिडक्या बंद, आणि एका मुलाच्या हातून थर्मामीटर शहाबादी फरशीवर पडला. असल्या थर्मामीटरमध्ये पारा फार तर दोन-तीन ग्रॅम. मामा धावत आले, "मॅडम, झाडू हाडू काय?" त्यांना दारातच थांबवलं. झाडूने एका थेंबाचे शंभर होतात आणि झाडू कायमचा दूषित होतो. व्हॅक्यूम क्लीनर तर त्याहून वाईट, तो पारा तापवून त्याची वाफ खोलीभर फेकतो.

दोन ग्रॅम म्हणजे किती, याचा हिशेब मी मुलांना नंतर फळ्यावर करून दाखवला. आमची लॅब १० मीटर लांब, ६ मीटर रुंद, साडेतीन मीटर उंच, म्हणजे २१० घनमीटर हवा. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेने रोज आठ तास काम करणाऱ्यासाठी घालून दिलेली मर्यादा घनमीटरला ०.०२५ मिलिग्रॅम. गुणाकार केला तर जेमतेम सव्वापाच मिलिग्रॅम वाफेत अख्खी खोली त्या मर्यादेला पोचते. दोन ग्रॅम म्हणजे दोन हजार मिलिग्रॅम. सगळा पारा एकदम उडत नाही हे खरं, पण फरशीच्या सांध्यात बसला की महिनोन्‌महिने उडत राहतो. शिवाय आपलं हवामान त्याला मदत करतं. २० अंशांना पाऱ्याच्या वाफेने पूर्ण भरलेल्या एका घनमीटर हवेत सुमारे १४ मिलिग्रॅम पारा मावतो, ३० अंशांना त्याच्या दुप्पट. पंख्याखालीही आपल्याकडे लॅबमध्ये ३० अंश असतातच. आणि पारा गिळण्यापेक्षा श्वासातून जाणं जास्त घातक आहे. गिळलेला धातू जवळजवळ सगळा तसाच बाहेर पडतो, श्वासातून आत गेलेल्या वाफेपैकी मात्र ८० टक्क्यांच्या आसपास रक्तात उतरते. वास नाही, रंग नाही, खोकला नाही. आल्फ्रेड स्टॉक या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची डोकेदुखी, विसरभोळेपणा, थकवा हे सगळं वर्षानुवर्षं लॅबमधल्या पाऱ्याच्या वाफेमुळे होतं, आणि १९२६ मध्ये त्याने स्वतःच ते जगाला सांगितलं.

तर त्या दिवशी मुलांना बाहेर काढलं, जाताना प्रत्येकाच्या चपलेचा तळवा पाहिला. छताचे पंखे बंद केले, व्हरांड्याचं दार लावलं आणि पाऊस आत आला तरी चालेल म्हणून खिडक्या सताड उघडल्या. एक्झॉस्ट सुरू करणार तोच वीज गेली. इथे पावसाळ्यात हे ठरलेलंच. किट विकणाऱ्यांनी गृहीत धरलेली हवेशीर खोली आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत नसतेच. मी मंगळसूत्र आणि अंगठी काढून पर्समध्ये ठेवली, कारण सोन्याला पारा लागला की तो सोन्यात शिरतो आणि पांढरा डाग निघत नाही. मग हातमोजे.

आता किटबद्दल. पंप निरुपयोगी. मोठा थेंब ओढतो, बारीक थेंब नळीच्या तोंडाशीच अडकतात, आणि आतली लोखंडी स्प्रिंग ऑक्टोबरपर्यंत खाऱ्या हवेने गंजून बसली. त्याऐवजी बिनसुईची सिरिंज आणि एक्स-रेच्या जुन्या फिल्मची कापलेली पट्टी यांनी काम झालं. पट्टीने थेंब हळूहळू एकमेकांकडे ढकलायचे, ते आपोआप मिळतात, मग सिरिंजने ओढून घ्यायचे. खोली अंधारी करून टॉर्च फरशीला अगदी टेकवून आडवा धरला की दिवसाच्या उजेडात न दिसलेले कण चांदण्यांसारखे चमकतात. आम्ही टेबलाच्या पायापासून दोन मीटर लांबही कण शोधले. उरलेली धूळ चिकटपट्टीने टिपली. टॉर्च किटमध्ये नव्हता, आणि माझ्या मते सगळ्यात आधी तोच हवा होता.

जस्ताची पूड मात्र चांगली निघाली. ओलसर करून सांध्यात भरली, काही वेळाने पाऱ्याचं दाणेदार राखाडी ढेकूळ झालं, दातांतल्या जुन्या चांदीच्या भरणासारखं, आणि ते उकरून काढता आलं. गंधकाकडून एवढी अपेक्षा ठेवू नये. तो थेंबाच्या फक्त पृष्ठभागावर सावकाश काम करतो, आतला पारा तसाच राहतो. आमच्याकडे अनेक वर्षं "गंधक टाकलं की झालं" असंच चालत आलं होतं. कापडी मास्कही धुळीपुरताच, वाफ त्यातून सरळ आत जाते.

पण सप्टेंबरमध्ये पाहिलं तर उरलेल्या पुडीचं पाकीट फुगलं होतं आणि आत खडे झाले होते. जस्त आणि आम्ल दमट हवेत भेटले की हायड्रोजन सुटतो. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी एकत्र केलेली पूड घेऊच नये. जस्त वेगळं आणि सायट्रिक आम्ल वेगळं घ्यावं, दोन्ही कोरडं ठेवावं, कामाच्या वेळीच मिसळावं. विक्रेत्याला फोटो पाठवला, उत्तर आलं नाही.

दुसरी वेळ सांडण्याची नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत तुंबलेल्या सिंकखालचा वाकडा पाईप मामांनी खोलला, खाली घमेलं धरलं होतं. गाळाबरोबर आधी दोन-चार मणी पडले, मग एकदम सुपारीएवढा पारा धप्पकन आला. वजन भरलं ९० ग्रॅम. मामा बराच वेळ बघत उभे राहिले. "इतकी वर्सां हयसरच होतो ह्यो?" तुटलेले थर्मामीटर कधीतरी कुणीतरी सिंकमध्ये धुतले असणार. जड म्हणून तो वळणात बसला, पण पुढे किती गेला हे कळायला मार्ग नाही. आमच्या सिंकचं पाणी मागच्या व्हाळाला, म्हणजे ओढ्याला जातं आणि व्हाळ खाडीला. गाळातले जीवाणू पाऱ्याचं मिथिलमर्क्युरी हे जास्त विषारी संयुग करतात आणि ते माशांत साठत जातं. जपानमधलं मिनामाता हेही मच्छीमारांचंच गाव, तिथला आजार १९५६ मध्ये उघड झाला. तिथे कारखान्याच्या सांडपाण्यातूनच मिथिलमर्क्युरी समुद्रात गेलं, आमचा पारा त्या मानाने थोडा. तरीही आमची मुलं त्याच खाडीतले मासे खातात, हे मला त्या दिवसापासून विसरता येत नाही. सिंकवर आता जाड जाळी आहे आणि पाऱ्याचं काही धुवायचं नाही असा बोर्ड.

तिसरी वेळ जानेवारीतली. बॉईलच्या उपकरणाची रबरी नळी खाऱ्या हवेने चिरली होती आणि प्रयोगाच्या मध्येच सुटली. १५ मिलिलिटर पारा, म्हणजे दोनशे ग्रॅमवर, बाहेर आला. पण तोवर आम्ही प्रत्येक पाऱ्याचं उपकरण उंच काठाच्या प्लास्टिक ट्रेमध्ये ठेवायला लागलो होतो. ॲल्युमिनियमचा ट्रे नको, पारा तो पोखरतो. जवळजवळ सगळा पारा ट्रेमध्येच राहिला, वीस मिनिटांत बाटलीत गेला, आणि किटमधले फक्त हातमोजे लागले. बाजारातून आणलेल्या त्या ट्रेने पूर्ण किटपेक्षा जास्त काम केलं.

साठवणीबद्दल एवढंच. काचेची बाटली नको. अर्धा लिटर पारा पावणेसात किलोच्या वर भरतो, बूड निखळतं. जाड प्लास्टिकची बाटली, पाऱ्यावर पाण्याचा थर, घट्ट झाकण, बाटली ट्रेमध्ये, ट्रे सर्वांत खालच्या कप्प्यात. हा घातक कचरा आहे, २०१६ च्या नियमांप्रमाणे तो अधिकृत केंद्रातच जायला हवा. महाराष्ट्रात तळोज्याला तसं केंद्र आहे. तिथपर्यंत एक बाटली पाठवणं आमच्यासारख्या लहान कॉलेजला अवघड जातं, म्हणून तालुक्यातल्या आणखी शाळांचा पारा एकत्र करून पाठवायचं प्राचार्यांशी बोलून ठरवलंय.

पूर्ण किट मी पुन्हा घेणार नाही. जस्त, आम्ल, माझ्या मापाचे नायट्राईलचे हातमोजे, सिरिंज, टॉर्च असं सुटं घेईन. थर्मामीटर सगळे अल्कोहोलचे मागवलेत. पाऱ्याचा वापर कमी करायच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने २०१८ मध्ये मंजुरी दिली, तेव्हाच हे व्हायला हवं होतं. बॉईलचं उपकरण अजून अभ्यासक्रमासाठी ठेवलंय, नवी नळी घालून, ट्रेमध्ये. कपाटाची किल्ली मामांकडे असते, आणि दर सोमवारी ते बाटलीचं वजन करून वहीत लिहितात.