इदी अमीनच्या नावावर विकला जाणारा मुखवटा, जुन्या वस्तू घेणाऱ्यांनी वाचाच

नंदुरबार, शहादा, धुळे या पट्ट्यात कोणी तुमच्याकडे "आफ्रिकेतला जुना मुखवटा आहे, घरातलाच, अडचण आहे म्हणून काढतोय" असं म्हणत आला तर पैसे काढायच्या आधी हे वाचा. माझे 38 हजार गेले, निम्मे भांडून परत आले, बाकीच्यांचं काही खरं नाही.

मला जुन्या लोककलेचा नाद आहे. भोवाड्याची सोंगं (भोवाडा म्हणजे देवादिकांचे मुखवटे बांधून नाचायचा आपल्याकडचा उत्सव), बस्तरचं ढोकरा म्हणजे ओतीव पितळेचं काम, आणि परवडेल तसं बाहेरच्या देशांचंही थोडंफार. हे त्या माणसाला कुठून तरी कळलं असणार, कारण गोष्ट अगदी माझ्या मापाने शिवून आणलेली. म्हणे आजोबांचं युगांडात कंपालाला दुकान होतं, 1972 ला तिथला हुकूमशहा इदी अमीनने एशियन लोकांना 90 दिवसांत देश सोडायला लावला तेव्हा एक पितळी पट्ट्यांची झांजीबारची पेटी आणि हा मुखवटा एवढंच घेऊन नंदुरबारला आले. आता आपल्याकडच्या गुजराती व्यापाऱ्यांचे नातेवाईक तिकडे होते हे खरंच आहे ना भाऊ, म्हणून कोणालाही पटतं. वरून स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं, दोन्ही वस्तू 150 वर्षं जुन्या, खाली सही.

मुखवटा दिसायला एक नंबर. लांबट तोंड, बारीक फटीसारखे डोळे, काळाभोर तुकतुकीत. ही घडण डान लोकांची, आणि डान राहतात आयव्हरी कोस्ट आणि लायबेरियात, म्हणजे पार पश्चिमेला. युगांडा पूर्वेला. मी विचारलं तर म्हणे आजोबांना कोणीतरी गिफ्ट दिला होता. अशा लोकांकडे प्रत्येक प्रश्नाला एक आजोबा तयार असतो.

पितळ उघडं पडलं मे महिन्यात. आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहितीय, 45 च्या वर पारा, घरात ठेवलेलं लाकूडसुद्धा बोलायला लागतं. कपाळापासून गालापर्यंत मुखवटा तडकला आणि आतून निघालं पांढरंफटक लाकूड, ताज्या भुशाचा वास. दीडशे वर्षं वाळलेलं लाकूड आत्ता एवढं कशाला आकसेल? नेलपॉलिश रिमूव्हरचा कापूस फिरवला तर कापूस चॉकलेटी आणि वास चक्क बुटाच्या पॉलिशचा.

मग तो साक्रीकडच्या ओळखीच्या एका आबांना दाखवला, त्यांनी भोवाड्यात सोंग घेऊन नाचण्यात आयुष्य घालवलंय. आबांनी समोरून बघितलाच नाही, डायरेक्ट उलटा केला, आत बोट फिरवलं आणि म्हणाले, "हाई कोणी तोंडले बांधेलच नई भाऊ." नाचलेल्या मुखवट्याला आतून कपाळ आणि नाक टेकतं तिथे घामाने काळपट गुळगुळीत चट्टे पडलेले असतात, बाकी जागा कोरडी राहते. दोरीची भोकं घासून एका बाजूला ओढल्यासारखी होतात. ह्याला आतून सगळीकडे एकसारखा रंग, पटाशीचे घाव जसेच्या तसे, भोकांच्या कडा धारदार. किड्याची भोकंसुद्धा ड्रिलची, सगळी एका साइजची आणि नाकासमोर सरळ गेलेली, खरा किडा वेडावाकडा पोखरत जातो.

पेटीचं तर विचारूच नका. बिजागरीवर काजळीचा थर होता, तो खरवडला तर खाली स्टार स्क्रू! हा स्टार म्हणजे फिलिप्स स्क्रू बाजारात आला 1930 च्या दशकात. दुरुस्तीत एखादा नवीन स्क्रू लागू शकतो मान्य, पण इथे सगळेच स्टार, आणि एकाही स्क्रूशेजारी जुन्या खिळ्याचं भोक नाही.

फोन केला तर आधी गोड बोलला, मग दम द्यायला लागला की पुरातन वस्तू घेतली म्हणून तूच आत जाशील. हा दम बऱ्याच लोकांना देतात आणि लोक गप्प बसतात, म्हणून सांगतो. पुरातन वस्तूंचा कायदा आहे, तोही 1972 चाच, त्यात 100 वर्षांवरची कलाकुसरीची वस्तू पुरातन धरतात आणि तिचा धंदा करायला लायसन विकणाऱ्याला लागतं. मी त्याला म्हटलं, तुझ्याच सहीने 150 वर्षं लिहिलंय, खरं असेल तर लायसन दाखव, खोटं असेल तर फसवणूक झाली, आता तूच सांग कोणतं कलम लावून घ्यायचंय. चार-पाच मिनिटं नुसता श्वासाचा आवाज. संध्याकाळी 19 हजार फोनपेवर आले आणि नंतर नंबरच बंद.

तर स्टॅम्प पेपर मागाच, त्यात वय आकड्यात लिहून घ्या. फोटो मागाल तर पाठीमागचा आणि आतला मागा, समोरचा तो न मागताही पाठवेल.

धंदा चालूच आहे बरं का. शिरपूरच्या एका मित्राला परवा फोटो आला, तशीच घडण, तसंच पॉलिश, विकणाऱ्याचे आजोबा मात्र आता युगांडा रेल्वेचे रूळ टाकायला मोम्बासाला गेलेले. ती लाइन 1896 ते 1901 मध्ये झाली आणि हा विकणारा स्वतः पंचविशीतला आहे.