सहा लिटरचा गॅस गिझर: बाथरूममध्ये शून्य गुण, ड्राय बाल्कनीत चार

दीड फूट उंचीचं पत्र्याचं खोकं. खाली तीन तोंडं: पाणी आत, पाणी बाहेर आणि गॅस. समोर दोन-तीन गोल नॉब, मधोमध ज्योत दिसायला छोटी काच आणि माथ्यावर नुसती जाळी. धूर बाहेर नेणारी नळी नाही. पुण्यात पाच हजारांच्या आगेमागे मिळणारा साधा गॅस गिझर तो हाच. यंत्र म्हणून त्यात खोट काढायला फारशी जागा नाही. खोट असते ती बहुतेक वेळा ज्या भिंतीवर तो टांगला जातो तिथे. म्हणून पाचपैकी गुण दोनदा द्यावे लागताहेत.

आधी त्याची चांगली बाजू. सहा लिटर म्हणजे मिनिटाला सहा लिटर पाणी साधारण २५ अंशांनी तापवण्याची ताकद. जानेवारीत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी १८ अंशांवर असलं तर नळातून ४३ अंशांचं येतं, म्हणजे अंगाला व्यवस्थित कढत. अठरा लिटरची बादली तीन मिनिटांत भरते. दोन किलोवॅटच्या विजेच्या गिझरला पंधरा लिटर तेवढंच तापवायला तेरा मिनिटं लागतात आणि तिसऱ्या माणसाला थांबावं लागतं ते वेगळंच. बादलीमागे गॅस जातो सुमारे ५० ग्रॅम, म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरमध्ये पावणेतीनशे ते तीनशे बादल्या. तीच बादली विजेवर अर्ध्या युनिटाहून किंचित जास्त खाते. आपापल्या बिलातले दर लावून पाहावेत. शिवाय सकाळी वीज गेली तरी हा चालतो, कारण ठिणगीसाठी त्याला फक्त दोन मोठे सेल लागतात.

आता माथ्यावरच्या जाळीकडे येऊ. पाणी एवढं झपाट्याने तापतं त्याअर्थी आत साडेबारा किलोवॅटची आग आहे, तासाला जवळपास एक किलो एलपीजी जाळणारी. स्वयंपाकघरातली शेगडी तिच्यापुढे काहीच नाही. एक किलो एलपीजी नीट जळायला बारा घनमीटर हवा लागते, आणि त्यातून तीन किलो कार्बन डायऑक्साइड व दीड लिटरहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. हे सगळं त्या जाळीतून बाहेर पडतं. बाहेर म्हणजे खोलीत.

पुण्यातल्या फ्लॅटचं बाथरूम चार बाय सात, उंची आठ फूट. आतली हवा सव्वासहा घनमीटर. दार लावलं, थंडी वाजते म्हणून खिडकीच्या काचेच्या पट्ट्या बंद केल्या (काही घरांत तर त्यांवर वर्तमानपत्रही चिकटवलेलं असतं) आणि गिझर पूर्ण ताकदीने चालवला, तर फटींतून काहीच हवा येत नाही असं धरून चार मिनिटांत ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८ वर येतो आणि दहा मिनिटांत १४ वर. प्रत्यक्षात दाराखालून थोडी हवा येते म्हणून वेळ लांबतो. पण धोका चौदा टक्क्यांपर्यंत थांबत नाही. हवेतला ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त झाला की ज्योत अर्धवट जळायला लागते आणि कार्बन मोनॉक्साइड सोडते. गरम धूर छताखाली साचतो, थर खाली उतरत गिझरपर्यंत येतो आणि गिझर स्वतःचाच धूर पुन्हा ओढतो. तिथून पुढे मोनॉक्साइड हळूहळू वाढत नाही, भराभर वाढतो.

या वायूला वास नाही, रंग नाही, डोळ्यांची आगही होत नाही. गॅस गळतीचा जो वास आपल्याला माहीत आहे तो जळण्याआधीच्या गॅसमध्ये मुद्दाम घातलेला असतो, जळल्यावर तो उरत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला मोनॉक्साइड ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय गळून जातात. माणसाला वाटतं ॲसिडिटी आहे किंवा बीपी लो झालं. कडीपर्यंत हात पोचत नाही.

या यंत्रांवर 'वीस मिनिटांनी आपोआप बंद' हे मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. वरचा हिशेब पाहिला तर वीस मिनिटं म्हणजे फार उशीर. तो टायमर नळ चालू राहून गॅस वाया जाऊ नये म्हणून ठीक आहे, जीव वाचवायला नाही. काही मॉडेलांत ऑक्सिजन कमी झाल्यावर गॅस तोडणारा सेन्सर असतो. असला तर घ्यावा, पण बर्नर आणि तांब्याच्या पट्ट्या काजळीने भरल्या असतील तर हवेत ऑक्सिजन पुरेसा असतानाही मोनॉक्साइड तयार होतो आणि सेन्सर गप्प बसतो.

हाच हिशेब नळीविना गॅस रूम हीटरला लागू आहे, पोटात सिलिंडर घेऊन चाकांवर फिरणाऱ्या, तीन चिनीमातीच्या पट्ट्या लाल होणाऱ्या. मुळशी-पानशेतकडच्या फार्महाउससाठी कुणाला तो घ्यावासा वाटतो म्हणून थोडक्यात. अमेरिकेच्या गॅस संहितेत चिमणी नसलेल्या उपकरणासाठी तासाला दर १,००० बीटीयूमागे (बीटीयू हे उष्णतेचं तिकडचं माप) ५० घनफूट जागा धरतात. अशा रूम हीटरला बाथरूममध्ये ६,००० आणि झोपायच्या खोलीत १०,००० बीटीयूची मर्यादा आहे, तीही १८ टक्क्यांना बंद होणारा सेन्सर असेल तर. तिन्ही पट्ट्या पेटवल्या की ४.२ किलोवॅट, म्हणजे १४,३०० बीटीयू; बेडरूमच्या मर्यादेबाहेर. दोन पट्ट्या कशाबशा बसतात. तासाला अर्धा लिटर वाफही खोलीत सोडतो, भिंती ओल धरतात ती त्यामुळे. दिवाणखान्यात, समोरासमोरच्या दोन खिडक्या चार-चार बोटं उघड्या ठेवून, जागेपणी चालवला तर चालेल. रात्री पेटता ठेवून झोपायचं नाही. आणि आपला गिझर? ४२,६०० बीटीयू. त्या हिशेबाने त्याला २,१३० घनफूट जागा हवी. आपलं बाथरूम २२४ घनफुटांचं.

म्हणून गिझर बाथरूमबाहेर. बहुतेक पुस्तिकांतही 'हवेशीर जागी लावा' असं लिहिलेलं असतं. पण फिटर बाथरूममध्येच लावतो, कारण थंड पाण्याचा नळ आणि शॉवरची लाइन तिथे आयतीच असते. दोन भोकं, दोन कनेक्शन पाइप, अर्ध्या तासात मोकळा. बाल्कनीत लावायचं तर सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकची, नळी ओढावी लागते, भिंतीला भोक पाडावं लागतं, अर्धा दिवस जातो. जास्तीचे पैसे आधीच ठरवून हे काम करून घ्यावं. फिटरची 'काही होत नाही हो' ही खात्री मोफत मिळते, तिची किंमतही तेवढीच.

ड्राय बाल्कनी, म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली धुण्या-भांड्यांची बाल्कनी, सगळ्यात उत्तम. उघडी आहे तोपर्यंत. ती स्लायडिंग खिडक्यांनी किंवा ॲक्रिलिकच्या शीटने बंदिस्त केली असेल तर ती आता खोली आहे, बाल्कनी नाही. गिझर चालू असताना निदान एक झडप पूर्ण उघडी राहायला हवी. कबुतरांची जाळी चालते. गिझर पावसाच्या झडीत आणि थेट वाऱ्यात येईल असा लावू नये, झोताने ज्योत विझते. बाजूंना वीतभर आणि डोक्यावर हातभर मोकळं सोडावं, वर कपड्यांची दोरी किंवा लाकडी कपाट नको. ज्योत दाखवणारी छोटी काच डोळ्यांसमोर यावी एवढ्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण पाच फुटांवर, तो असावा. ज्योत रोज सहज दिसली पाहिजे.

डक्टचं वेगळं सांगायला हवं. बाथरूमच्या खिडकीबाहेर जो अरुंद डक्ट असतो, त्यात वरच्या-खालच्या सगळ्या मजल्यांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात. गिझर डक्टमध्ये टांगणं किंवा चिमणीवाल्या मॉडेलची नळी डक्टमध्ये सोडणं म्हणजे आपला धूर शेजाऱ्यांच्या घरी धाडणं. नळी मोकळ्या आकाशाकडे, सतत चढती, मध्ये खाली झोल न देता न्यावी. एक्झॉस्ट फॅनवरही भिस्त नको. बंद खोलीत हवा आत यायला वाट नसेल तर तो नुसता फिरतो, आणि चिमणीवाला गिझर आत असेल तर चिमणीतून बाहेर जाणारा धूर उलटा आत खेचतो.

बाल्कनीचा एकच खरा तोटा: पहिला मग थंड येतो. अर्ध्या इंची सीपीव्हीसीच्या सहा मीटरांत पाऊण लिटर पाणी मावतं, ते संपायला सात-आठ सेकंद. त्यासाठी गुण कापला नाही. पाचवा कापला आहे तो सर्वात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी. पाण्याच्या दाबाने आतला रबरी डायफ्राम ढकलला गेल्याशिवाय गॅस उघडत नाही, आणि त्याला साधारण ०.२५ बार दाब लागतो. म्हणजे टाकीतल्या पाण्याची पातळी गिझरपेक्षा अडीच मीटर तरी वर हवी. वरच्या मजल्यावर हे बसत नाही, प्रेशर पंप घ्यावा लागतो आणि वीज नसतानाही चालण्याचा फायदा गेला.

गरम लाइनला साधी पीव्हीसी वापरू नये, ती मऊ पडते. आत जाणाऱ्या लाइनवर अँगल कॉक आणि जाळीचा फिल्टर. तापमान याच कॉकने ठरवावं. बाहेर पडणाऱ्या नळावर पाणी चिमटलं तर ते भाजेल इतकं तापतं किंवा ज्योतच विझते.

गॅसच्या बाजूला सिलिंडर उभाच, त्याची नळी सुरक्षा प्रकारची, आयएसआय शिक्क्याची, दीड मीटरच्या आत. ती पाच वर्षांनी बदलायची, तारीख तिच्यावरच छापलेली असते. हिरवी प्लास्टिकची नळी नको. रबरी नळीला टी जोडून शेगडी आणि गिझर एकाच सिलिंडरवर चालवणं तर मुळीच नको. गिझर पेटला की शेगडीची ज्योत बसते आणि प्रत्येक जोड ही गळतीची जागा. जोडणी झाल्यावर साबणाचा फेस लावून फिटरसमोर तपासावं. थंडीत ओळीने चार अंघोळी झाल्या की सिलिंडर बाहेरून दव धरतो आणि दाब पडतो. थोडा वेळ थांबावं, सिलिंडर आडवा करू नये किंवा गरम पाण्यात ठेवू नये.

पुण्याला पाइपने गॅस पुरवणाऱ्या एमएनजीएल कंपनीची पाइपलाइन घरात आलेली असेल तर गिझर पीएनजीचाच, म्हणजे पाइपच्या नैसर्गिक वायूवर चालणाराच, मागावा. एलपीजी ३० मिलिबारला चालतो, पाइपचा गॅस २१ ला, आणि दोघांच्या नोझलची भोकं वेगळी. एलपीजीचा गिझर पाइपवर लावला तर पाणी कोमटच राहतं. उलट केलं तर मोठ्या भोकातून प्रमाणाबाहेर गॅस येऊन लांब पिवळी ज्योत आणि काजळी. नुसता रेग्युलेटर बदलून हे जमत नाही. एलपीजीचा घेत असाल तर दुकानात खोक्यावर आयएस १५५५८ हा मानक क्रमांक आणि आयएसआय शिक्का आहे का ते पाहावं, मग गॅसचा प्रकार, मग रंग.

मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा घ्यावा, ईएन ५०२९१ हा युरोपीय मानक क्रमांक लिहिलेला. तो ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) तास ते दीड तासाने, १०० ला दहा ते चाळीस मिनिटांत आणि ३०० ला तीन मिनिटांच्या आत वाजतो. जागा: बाथरूमच्या दाराबाहेर, पाच फुटांवर, वाफेत नको. गळतीचा अलार्म ही वेगळी वस्तू. एलपीजी जड, म्हणून तो जमिनीजवळ. पाइपचा गॅस हलका, म्हणून छताजवळ. एकाच डबीवर दोन्ही कामं टाकणारा विक्रेता भेटला तर पुढचं दुकान पाहावं.

कुणी आत पडलंच तर आधी दार उघडून किंवा फोडून माणसाला मोकळ्या हवेत आणायचं, गॅस बंद, मग १०८. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे फसवतं: मोनॉक्साइड चढलेल्या रक्तालाही ते ९८ दाखवू शकतं. डॉक्टरांना 'गॅस गिझर' हे शब्द सांगायला विसरू नये. एलपीजी गळतीचा वास आला तर १९०६.

देखभाल वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, कारण बंद राहिलेल्या बर्नरमध्ये कोळी जाळी विणतात. पाणी सुरू केल्यावर पेटायला वेळ लागून 'धप्प' आवाज झाला तर आधी सेल बदलावेत. साचलेला गॅस एकदम पेटतो तो आवाज. बोअर किंवा टँकरचं पाणी असेल तर तांब्याच्या कॉइलमध्ये क्षार बसतात, पाणी बारीक येतं आणि खळखळ ऐकू येते. ज्योत पिवळी दिसली की त्याच दिवशी गिझर बंद. बर्नर आणि पट्ट्या मऊ ब्रशने साफ होतात, पण नोझलच्या भोकात सुई किंवा तार घालू देऊ नये. ते भोक केसभर जरी मोठं झालं तरी ज्योत कायमची पिवळी राहते, मग नोझल नवीनच टाकावी लागते.